जॅझ ऐकणारा मराठी कान

मराठी रसिकतेविषयी आपण अभिमानाने बोलतो आणि हा अभिमान पोकळ नाही. गिरगाव ते दादर या टापूत ख्यालगायनाला जाणता श्रोता मिळाला, नाट्यसंगीताला आश्रय मिळाला, भावगीताला घर मिळाले. ऑपेरा हाउसजवळच्या प्रा. बी. आर. देवधरांच्या शाळेत कुमार गंधर्वांसारखा गायक घडला. या श्रोतृवर्गाने नुसत्या माना डोलावल्या नाहीत. आपण काय ऐकतो याची समीक्षाही लिहिली. वामनराव देशपांडे यांचे ‘घरंदाज गायकी’ १९६१ साली आले. स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये त्यांनी घराणी मांडली : किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला, आणि जयपूर दोहोंचा तोल सांभाळणारे. पुढे अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटींचा विचार मांडला. कलासंगीत, लोकसंगीत, भक्तिसंगीत, जनसंगीत यांपैकी प्रत्येकाला त्याचे त्याचे निकष असतात, ही दृष्टी त्यांनी मराठी वाचकाला दिली.

इतकी सजग परंपरा ज्या शहरात नांदली, त्याच शहरात सुमारे नव्वद वर्षे जॅझ वाजत आले आहे. आणि तुरळक अपवाद सोडले तर मराठी समीक्षा त्याविषयी मौन पाळून आहे. हे मौन अज्ञानातून आलेले नाही असे माझे मत आहे. मराठी कानाने जॅझ ऐकले होते, त्यावर ताल धरला होता, पाय थिरकवले होते. ऐकले नाही ते मराठी समीक्षेने. आणि त्याची किंमत संगीताच्या विचाराला जेवढी मोजावी लागली, तेवढीच साहित्याच्या अभ्यासालाही मोजावी लागली.

आधी भूगोल पाहू. १९३५ साली गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघाची स्थापना झाली. त्याच साली लिऑन अ‍ॅबी हा व्हायोलिनवादक आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद घेऊन मुंबईत ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आला, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. स्वतःच्या देशात वर्णद्वेष सोसणाऱ्या या वादकांना मुंबईत प्रतिष्ठेने वाजवता येत होते. वेदरफर्ड तर परतलाच नाही. १९४५ साली कलकत्त्यात त्याचा मृत्यू झाला. या मंडळींकडून विद्या उचलली ती गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी. चर्चच्या शाळांत नोटेशन आणि व्हायोलिन शिकून आलेले हे तरुण धोबीतलावच्या आसपास, गावागावांच्या नावाने चालणाऱ्या ‘कूड’ म्हणवल्या जाणाऱ्या क्लबांत राहत. साहित्य संघापासून धोबीतलाव पायी पंधरा-वीस मिनिटांवर. म्हणजे मराठी साहित्याचे एक केंद्र आणि भारतीय जॅझचे एक केंद्र यांत जेमतेम दीड किलोमीटर अंतर होते. ते ओलांडून कोणी फारसे गेले नाही. हॉटेलात वाजणारे, साहेबी पोशाखातले, मद्याच्या साथीने ऐकले जाणारे ते संगीत ‘आपले’ असण्याची शक्यता कोणाच्या मनात आली नसावी.

परंतु संगीताला अशी अंतरे मान्य नसतात. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात दारूबंदी आली, १९४९ च्या कायद्याने ती कडक झाली, आणि हॉटेलांतल्या वाद्यवृंदांचे उत्पन्न आटू लागले. त्याच सुमारास हिंदी चित्रपटांतले वाद्यवृंद मोठे होत होते. धोबीतलावचे वादक सकाळी वाद्यांच्या पेट्या घेऊन ताडदेव, दादर, परळ इथल्या स्टुडिओंकडे जाऊ लागले. परळला व्ही. शांताराम यांचे राजकमल १९४२ पासून उभे होते. संगीतकार चाल गुणगुणत असे; ती टिपून घेऊन कोणत्या वाद्याने कुठे उत्तर द्यायचे, कडव्यांच्या मधल्या जागा कशाने भरायच्या, हे गोवेकर अरेंजर ठरवीत असे. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड ही त्यांतली ठळक नावे. तबकडीच्या लेबलावर ती बहुधा नसत.

या वाटेने जॅझ गिरणगावात शिरले, आणि त्याला वाट करून देणारी माणसे मराठी होती. गिरणी कामगाराचा मुलगा भगवान पालव, म्हणजे आपले भगवानदादा, यांनी १९५१ साली ‘अलबेला’ काढला. त्याचे संगीतकार पुणतांब्याचे सी. रामचंद्र. आणि रामचंद्रांच्या साथीला होता गोव्याच्या हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट, ज्याला मुंबईतले रसिक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ‘अलबेला’तल्या एका नृत्यगीतात चिक आणि त्याचे वादक पडद्यावरही दिसतात. ट्रम्पेटची फेक, सॅक्सोफोनांच्या एकत्र सरकणाऱ्या ओळी, बोंगोचा लॅटिन ताल, आणि या सगळ्यावर ऐटीत, कमीत कमी हालचालींत डोलणारे भगवानदादा. हा चित्रपट लालबाग-परळच्या प्रेक्षकाने डोक्यावर घेतला. मुंबईत गणपतीच्या मिरवणुकीत लोक जसे नाचतात तो नाच भगवानदादांचा, असे आजही म्हटले जाते. ते खरे असेल तर लालबागहून गिरगाव चौपाटीकडे निघणाऱ्या विसर्जनाच्या मिरवणुकीत स्विंग दरवर्षी, नाव न सांगता, चालत असते. न्यू ऑर्लिन्समध्ये जॅझ ज्या प्रवाहांतून जन्मले त्यांत रस्त्यावरचे ब्रास बँड हा एक मुख्य प्रवाह होता. अंत्ययात्रेसोबत जाताना ते संथ वाजवीत आणि दफनानंतर परतताना उसळत्या लयीत. निरोपाचे रूपांतर नाचात करणारे दुसरे शहर हवे असेल तर ते शोधायला आपल्याला लांब जायला नको.

तरीही या संगीताला मराठी विचारात जागा मिळाली नाही. का? एक कारण आपल्या कप्प्यांत आहे. शास्त्रीय, सुगम आणि लोक हे आपले रूढ कप्पे. जॅझ यांतल्या कशातच बसत नाही. त्याला कठोर व्याकरण आहे, पण ग्रंथप्रामाण्य नाही. ते लोकांतून आले, पण लोकसंगीतासारखे निनावी नाही. ते नाचासाठी वाजले, पण १९४० नंतर बीबॉपच्या काळात ते नाचणाऱ्यांना थांबवून ऐकायला लावू लागले. रानड्यांच्या कोटी येथे उपयोगी पडल्या असत्या, कारण एकच संगीत एका कोटीतून दुसरीत कसे सरकते हे पाहण्याची सोय त्यांत आहे. दुसरे कारण अधिक अवघड आहे. ज्यांनी हे संगीत मुंबईत वाजवले ते ख्रिस्ती होते, कोंकणी बोलणारे होते, रोजंदारीवर वाजवणारे होते. ज्यांनी ते आवडीने ऐकले ते पिटातले प्रेक्षक होते. मराठी संगीतसमीक्षेचा वाचक या दोहोंच्या मधल्या इमारतींत राहत होता. अभिरुचीला पत्ता असतो, हे आपण क्वचित कबूल करतो. जॅझविषयी तुच्छता बाळगणारे आपणच होतो असेही नाही. थिओडोर अडोर्नोसारख्या कडव्या विचारवंताने १९३६ सालच्या निबंधात जॅझला बाजारू करमणुकीत जमा केले होते. त्याला जे मुक्त वाटणारे पण मुळात साचेबंद वाटले, ते प्रत्यक्षात कसे चालते हे त्याने पुरेसे ऐकले नव्हते, एवढेच म्हणता येईल.

तेव्हा ऐकण्याविषयीच थोडे बोलू. ख्यालावर पोसलेल्या कानाला जॅझकडे जाण्याची सर्वांत सोपी वाट माइल्स डेव्हिसच्या १९५९ सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीतून जाते. तिची पहिली रचना ‘सो व्हॉट’. नऊ मिनिटांची. सुरुवातीला बास धून सांगतो आणि बाकीची वाद्ये दोन स्वरांत त्याला होकार भरतात. तिचा स्वरसमूह आपल्या ओळखीचा आहे : गंधार-निषाद कोमल, बाकीचे शुद्ध, म्हणजे आपला काफी थाट. आवर्तन बत्तीस बारांचे, प्रत्येक बारात चार मात्रा, एकूण १२८ मात्रा. इथपर्यंत आपला कान निर्धास्त असतो. मग एक गोष्ट घडते जी ख्यालात घडू शकत नाही. पहिल्या ६४ मात्रा झाल्या की षड्जच अर्ध्या स्वराने वर सरकतो. सगळा काफी जसाच्या तसा उचलून वर ठेवलेला. तिथे ३२ मात्रा राहून तो पुन्हा खाली येतो आणि उरलेल्या ३२ मात्रांत आवर्तन पुरे होते. तंबोऱ्याच्या अखंड षड्जावर वाढलेल्या श्रोत्याला पायाखालची जमीन हलल्यासारखे वाटते. दोन-तीनदा ऐकल्यावर मात्र त्या हलण्याचीच वाट पाहिली जाते, जशी आपण समेची पाहतो.

समही इथे आहे. मुख्य धून संपून माइल्सचे एकल वादन सुरू होते त्या जागी जिमी कॉब झांजेवर एक आघात करतो. तो आघात ऐकून ‘वाहवा’ निघाली नाही तर श्रोता झोपला आहे असे समजावे. मग माइल्स दोन आवर्तने घेतो. फार थोडे स्वर, आणि त्यांच्यामध्ये भरपूर मोकळी जागा. त्याच्यामागून जॉन कोल्ट्रेन येतो आणि तीच जागा घट्ट विणून काढतो. एकच बंदीश दोन घराण्यांच्या गायकांनी लागोपाठ गावी तसा हा अनुभव आहे. आणि देशपांड्यांच्या स्वर-लय मांडणीने शिकवलेला कान इथे काय चालले आहे ते चटकन ओळखतो.

साहित्याच्या विद्यार्थ्याला याहून जवळचे एक साधन उपलब्ध आहे. मर्ढेकरांची संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे आपण परीक्षेसाठी पाठ करतो आणि उदाहरणे शोधताना अडखळतो. कोणतेही चांगले जॅझ वादन घ्यावे. बास प्रत्येक मात्रेवर पाऊल टाकत चालतो, तो संवाद. एकल वादक मात्रेच्या किंचित आधी किंवा नंतर स्वर ठेवतो, ड्रमवादक अनपेक्षित जागी आघात करतो, तो विरोध. आणि आवर्तनाच्या अखेरीस हे सगळे एका जागी येऊन मिळते, तो समतोल. स्विंग म्हणजे काय याची व्याख्या करताना भलेभले थकले आहेत. विरोधाला संवादाइतकेच घरचे मानणारी लय, असे मी म्हणेन. मर्ढेकरांच्या डोळ्यांपुढे जॅझ नव्हते, पण त्यांचे सूत्र जॅझमध्ये जितके स्वच्छ ऐकू येते तितके ते फार थोड्या कलांत दिसते.

ब्लूजचा गंधार हे आणखी एक उदाहरण. तो शुद्धही नाही आणि कोमलही नाही; दोहोंच्या मधे कुठेतरी झुकतो. पियानोच्या पट्ट्यांत तो सापडत नाही, म्हणून पाश्चात्त्य शिस्तीच्या कानाला आरंभी तो बेसूर वाटला. दरबारीचा आंदोलित गंधार ज्याने ऐकला आहे त्याला अशी अडचण पडण्याचे कारण नाही. बिली हॉलिडे शब्द लयीच्या मागे रेंगाळू देते आणि नेमकी वेळेवर पोचते. ठुमरीतल्या बोल-बनावाची सवय असलेल्या श्रोत्याला त्या रेंगाळण्यातला अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मात्र इथेच एक धोक्याची सूचना द्यायला हवी. साम्ये सापडली की ‘जॅझ म्हणजे त्यांचे शास्त्रीय संगीत’ असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. कोल्ट्रेनने १९६१ साली ‘इंडिया’ ही रचना वाजवली, मुलाचे नाव रविशंकरांवरून रवी ठेवले, १९७० च्या दशकात जॉन मॅक्लॉक्लिन आणि माहीमचे झाकीर हुसेन यांचा ‘शक्ती’ आला. या घटनांचा आनंद खराच आहे. पण साम्यावर थांबणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात स्वतःचा फोटो शोधत फिरणे. जॅझचे वेगळेपण तीन गोष्टींत आहे. एक, स्वरसंगतींची हालचाल : आधार बदलत राहतो आणि बदलत्या आधारावर उपज करायची असते. दोन, संगत ही संगत राहत नाही. बास, पियानो, ड्रम हे बरोबरीचे वक्ते असतात, मध्येच विषय बदलू शकतात. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, या संगीताच्या मुळाशी गुलामीचा इतिहास आहे. घराण्याची वंशावळ सांगता येणाऱ्या गायकाची उपज आणि ज्याच्या पणजोबाचे आडनावही मालकाने दिलेले आहे त्याची उपज, या दोन वेगळ्या कृती आहेत. पहिली मिळालेले वाढवते, दुसरी हिरावलेले घडवते.

आणि इथे आपण साहित्यापाशी येतो. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले. त्याच्या आगेमागे मराठीत कृष्णवर्णीय साहित्याची गंभीर चर्चा सुरू झाली. जनार्दन वाघमारे यांचे ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हे पुस्तक अनेक पिढ्यांच्या अभ्यासकांनी वाचले. तेव्हापासून दलित आणि कृष्णवर्णीय साहित्याची तुलना हा आपल्या विद्यापीठांतला स्थिर विषय झाला आहे. पण ही तुलना बहुतेक वेळा आशयापुरती राहते : शोषण, वेदना, नकार, विद्रोह. दोन्ही बाजूंना तेच शब्द लिहून मधे बरोबरचे चिन्ह काढले जाते. ज्या साहित्याशी आपण तुलना करतो ते मात्र स्वतःला संगीतापासून वेगळे मानत नाही. लँग्स्टन ह्यूजच्या १९२६ सालच्या पहिल्या संग्रहाच्या नावातच ब्लूज आहे. राल्फ एलिसनच्या ‘इन्व्हिजिबल मॅन’ (१९५२) या कादंबरीचा निवेदक तळघरात बसून आर्मस्ट्राँगची तबकडी ऐकतो आणि तिच्या लयीतून त्याला आपल्या अदृश्यतेचा अर्थ लागतो. एलिसन स्वतः ट्रम्पेट शिकलेला होता. अमिरी बराका यांनी, लेरॉय जोन्स या मूळ नावाने, १९६३ साली ‘ब्लूज पीपल’ लिहून संगीताच्या आधारे एका समाजाचा इतिहास मांडला. ब्लूज न ऐकता ह्यूज शिकवणे हे ओवी न ऐकता बहिणाबाई शिकवण्यासारखे आहे. शिकवता येते, फक्त जे शिकवले जाते ते अर्धे असते.

जॅझ कानात असेल तर आपले प्रश्न बदलतात. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’तली लांब ओळ कुठे श्वास घेते? तिच्यातली याद्यांची आणि पुनरुक्तीची योजना काय साधते? तिथे विरोधलय कशी काम करते? हे आकृतिबंधाचे प्रश्न आहेत, आणि विद्रोहाला आकृतिबंध नसतो असे मानणे हा त्या कवितेवरचा अन्याय आहे. याहून मोठा लाभ म्हणजे आपल्याच घरातले न ऐकलेले ऐकू येऊ लागते. दक्षिणेकडच्या शेतांतून शिकागोच्या कारखान्यांकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या स्थलांतराने ब्लूजला रेल्वे दिली, ताटातूट दिली. कोकण-घाटावरून गिरणगावात आलेल्या माणसाच्या ताटातुटीने अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना’ या छक्कडीला जन्म दिला. अमर शेखांचा आवाज, भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे, वामनदादा कर्डकांची गाणी हे सगळे आपल्या समीक्षेत ‘प्रबोधनाचे साधन’ म्हणून नोंदले जाते. ते संगीत म्हणून कसे आहे, ढोलकी शब्दाला कुठे अडवते आणि कुठे पुढे ढकलते, झील कशाला उत्तर देते, याचा विचार आपण किती केला? जॅझविषयीचे मौन आणि जलशाविषयीचे मौन ही एकाच सवयीची दोन रूपे आहेत. छापलेले तेवढे वाचायचे, वाजलेले सोडून द्यायचे, ही ती सवय.

यावर एक आक्षेप संभवतो : जॅझ हे आता श्रीमंतांचे संगीत झाले आहे, त्याची आठवण गिरणगावाला कशाला? आक्षेपात तथ्य आहे. १९७८ साली निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली. धोबीतलावच्या रंगभवनात, झेवियर कॉलेजच्या शेजारी, उघड्या आकाशाखाली सॉनी रोलिन्ससारखा दिग्गज वाजवून गेला. पुढे तो परिसर शांतता क्षेत्रात गणला गेला आणि रंगभवनातल्या मैफली थांबल्या. १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगाव उठत गेले. २००७ साली लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ हा संगीताचा क्लब सुरू झाला आणि २०१६ साली बंद झाला. तिथे उत्तम जॅझ वाजत असे. त्या परिसरात ज्यांच्या आईबापांनी पाळ्या केल्या त्यांच्या मुलांना हे संगीत आपल्याशी बोलते आहे असे वाटण्याजोगे मराठीत फारसे काही लिहिले गेलेले नव्हते. गुलामांच्या वंशजांनी घडवलेले संगीत गिरणी कामगारांच्या वंशजांना परके वाटावे, ही स्थिती केवळ तिकिटाने निर्माण होत नाही. ती भाषेच्या अभावानेही होते. आज ‘काइंड ऑफ ब्लू’ लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीतल्या मोबाइलवरही ऐकता येते. किमतीचा अडसर बराच दूर झाला आहे. उरला आहे तो शब्दांचा, आणि तो दूर करणे हे तुमचे-माझे, म्हणजे शिकवणाऱ्यांचे आणि लिहिणाऱ्यांचे काम आहे.

जेम्स बाल्डविन यांची ‘सॉनीज ब्लूज’ (१९५७) ही कथा आपल्या इंग्रजी विभागांच्या अभ्यासक्रमांत अनेकदा असते. तिचा निवेदक शाळेत बीजगणित शिकवतो. सभ्य, जबाबदार माणूस. धाकट्या भावाला जॅझ वाजवायचे आहे, तो चार्ली पार्करचे नाव घेतो, आणि पार्कर कोण हे या शिक्षकाला ठाऊक नसते. भाऊ व्यसनात सापडतो, तुरुंगात जातो. शिक्षक उपदेश करतो, काळजी करतो, पण त्याला काही समजत नाही. कथेच्या शेवटी तो पहिल्यांदा भावाला ऐकायला जातो, आणि जे वर्षानुवर्षांच्या बोलण्याने कळले नव्हते ते त्याला पियानोतून कळते. ही कथा शिकवताना तिच्यातली वंशभेदाची जाणीव, निवेदनतंत्र, प्रकाश-अंधाराच्या प्रतिमा यांवर आपण तास घेतो. त्यांतला एक तास वर्गात पार्कर ऐकवण्यासाठी ठेवावा, आणि दुसरा, तुलनेसाठी, अण्णाभाऊंची छक्कड ऐकवण्यासाठी. त्यानंतर विद्यार्थ्यांनी जे लिहून आणले असेल ते वाचण्याची मला उत्सुकता आहे.